कांजी सुट्या शिकायच्या की शब्दांबरोबर?

जपानी शिकणाऱ्या एका व्यक्तीचा प्रश्न असा आला आहे (कांजी म्हणजे चिनीतून आलेली जपानी चित्राक्षरं; एन-५ आणि एन-४ या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या दोन पातळ्या): "एन-५ झाली, डिसेंबरमध्ये एन-४ द्यायची आहे. क्लासमधले काही जण म्हणतात, आधी तीनशे कांजी अर्थासकट घोटून टाक, शब्द मागाहून आपोआप येतील. बाकीचे म्हणतात, कांजीच्या नादी लागू नको, शब्द पाठ कर. मला साधारण ऐंशी कांजी ओळखता येतात, पण त्या वाक्यात आल्या की उच्चारच आठवत नाही. कुणाचं ऐकू?"

यातलं खरं दुखणं शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. कांजी ओळखता येते पण वाचता येत नाही, म्हणजे "कांजी येणं" या एकाच नावाखाली तुम्ही दोन-तीन वेगळी कामं धरली आहेत आणि त्यातलं एकच केलं आहे. कांजीचा आकार, तिचा अर्थ आणि तिचा उच्चार या तिन्ही गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या वाटांनी शिरतात. माझं मत आधीच सांगून टाकते: आकार सुटा शिकावा, उच्चार कधीही सुटा शिकू नये आणि अर्थ सुरुवातीला सुटा घेऊन पुढे शब्दांकडून दुरुस्त करून घ्यावा. क्लासमधले दोन्ही गट अर्धे बरोबर आहेत, ते यामुळे.

(इथे जपानी उच्चार देवनागरीत लिहिले आहेत ते फक्त सोय म्हणून. तुमच्या वहीत असं अजिबात करू नका, कारण पुढे येईलच.)

आधी उच्चार, कारण तुमची गाडी तिथेच अडली आहे. "जन्म, जीवन, कच्चं" असा अर्थ असणारी कांजी घ्या, एन-५ लाच भेटली असेल. विद्यार्थी या अर्थाच्या गाकुसेइमध्ये ती "सेइ" आहे. आयुष्यभर या अर्थाच्या इश्शोओमध्ये "शोओ", वाढदिवसाच्या तान्जोओबिमध्ये "जोओ". जगणे म्हणजे इकिरु, तिथे ती "इ". जन्मणे म्हणजे उमारेरु, तिथे "उ". कच्च्या अंड्याला नामातामागो म्हणतात, तिथे ती "नामा". शब्दकोशात या एका कांजीखाली उच्चारांची लांबलचक ओळ दिसते. ती ओळ मंत्रासारखी पाठ केली तरी समोर शब्द आल्यावर यातला कुठला उच्चार उचलायचा हे ती ओळ सांगत नाही. ते फक्त शब्द सांगतो. गाकुसेइ हा शब्द येत असेल तर तिथे संदिग्धता उरतच नाही.

निचियोओबि, म्हणजे रविवार, याहून बोलका आहे. दिवस किंवा सूर्य या अर्थाची कांजी या एकाच शब्दात दोनदा येते, सुरुवातीला "निचि" आणि शेवटी "बि". हीच कांजी क्योओ (आज) आणि अशिता (उद्या) या शब्दांतही आहे, पण तिथे तिच्या वाट्याला नेमका कुठला तुकडा आला हे विचारण्यात अर्थ नाही. तो उच्चार अख्ख्या शब्दाचा आहे. मोठी आणि माणूस या दोन कांजी मिळून ओतोना, म्हणजे प्रौढ व्यक्ती, होते, तेही तसंच.

मराठी माणसाला हे कोडं वाटायचं कारण नाही, कारण आपल्या भाषेत अगदी याच प्रकारचे दोन थर आहेत. आपण ग्लासभर "पाणी" मागतो, "जल" मागत नाही. पण जलाशय, जलवाहिनी, जलविद्युत म्हणताना पाणी बाजूला होतं. हात सुटा असतो तेव्हा हात, आणि जोडशब्दात हस्ताक्षर, हस्तांदोलन. जपानीत पाण्याची कांजी सुटी आली की मिझु, जोडशब्दात सुइ: सुइदोओ म्हणजे नळाचा पाणीपुरवठा, सुइएइ म्हणजे पोहणं. हाताची कांजी सुटी असेल तर "ते", आणि आकुशु म्हणजे हस्तांदोलन, त्यात ती "शु". देशी उच्चाराला कुन्योमि म्हणतात आणि चिनी भाषेतून आलेल्याला ओन्योमि. फरक एवढाच की आपण पाणी आणि जल वेगवेगळं लिहितो, जपानी लोक दोन्हींसाठी एकच चिन्ह वापरतात.

अपवादही ओळखीचे वाटतील. आपल्याकडे पाणीपट्टी आणि पाणपोई आहेत, हातरुमाल आहे. म्हणजे जोडशब्द असूनही देशी रूप. जपानीत तेगामि (पत्र) आणि हानाबि (शोभेचं दारूकाम) तसे आहेत. पाणीपट्टी का आणि जलपट्टी का नाही, याचा नियम तुम्ही कधी पाठ केला होता का? शब्द कानावर पडला, बसला. इथेही तेच करायचं.

तेगामि आणि हानाबिमध्ये आणखी एक गोष्ट लपली आहे. कागद म्हणजे कामि, पण ते + कामि जोडताना "का"चा "गा" झाला. हाना + हि, तिथे "हि"चा "बि" झाला. गाकु आणि कोओ मिळून गाक्कोओ (शाळा), शुत्सु आणि हात्सु मिळून शुप्पात्सु (प्रस्थान). वाक् + मय = वाङ्मय होतं त्या जातीचा हा संधी आहे, पण आपल्या संधीइतका नियमाला पक्का नाही. सुटे उच्चार जोडून शब्द तयार करायला गेलात तर नेमके इथे चुकाल. आणि परीक्षक नेमका इथेच सापळा लावतो: कांजीत लिहिलेल्या शब्दाखाली रेघ मारतात, खाली हिरागानात (उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी अक्षरांत) चार पर्याय, आणि त्यांत फरक असतो तो एका दीर्घ स्वराचा, एका द्वित्ताचा किंवा "का" आणि "गा"चा. अर्थ माहीत असून तिथे गुण मिळत नाहीत.

आता आकार. दुसऱ्या प्रकारचा प्रश्न बरोबर उलटा असतो. शब्द हिरागानात देतात आणि चार एकसारख्या दिसणाऱ्या कांजींतून योग्य ती निवडायला सांगतात. फक्त शब्दांच्या वाटेने शिकलेले विद्यार्थी इथे घसरतात, कारण त्यांनी शब्दाचं धूसर चित्र लक्षात ठेवलेलं असतं, अक्षर कधी उलगडून पाहिलेलं नसतं. वाट बघणे (मात्सु) आणि हातात धरणे (मोत्सु) या दोन कांजींचा उजवा भाग हुबेहूब एक आहे, "देऊळ". डावीकडे मात्सुला रस्त्याने चालण्याचं चिन्ह आहे आणि मोत्सुला हाताचं. तोच उजवा भाग घेऊन डावीकडे माणूस ठेवला की सामुराइ होतो, आणि सूर्य ठेवला की वेळ, जिकानमधला जि. हे एकदा डोळे उघडे ठेवून पाहिलं की गोंधळ संपतो. न पाहता शंभर वेळा शब्द वाचला तरी संपत नाही.

म्हणून घटक सुटे शिका. यादी दोनशे चौदाची असते, ती सगळी नको. एन-४ साठी चाळीस-पन्नास पुरतात: पाण्याचे तीन थेंब, झाड, हात, माणूस, बोलणं, धागा, अन्न, धातू, सूर्य, हृदय, छप्पर, गवताचा मुकुट, पाऊस, फाटक, खाली पसरलेला रस्ता वगैरे. त्यांच्या जागांनाही नावं आहेत. डावीकडच्या भागाला हेन, उजवीकडच्याला त्सुकुरि, डोक्यावरच्याला कान्मुरि, वेढणाऱ्याला कामाए. नावं पाठ झालीच पाहिजेत असं नाही, पण घटक बघितल्यावर मराठीत "डावीकडे हात, उजवीकडे देऊळ" असं मोठ्याने म्हणता आलं पाहिजे. दोन आठवड्यांत हे काम उरकतं.

फाटकाचं कुटुंब तर घरात टांगून ठेवावं इतकं उपयोगी आहे. फाटकात तोंड म्हणजे विचारणे, फाटकात कान म्हणजे ऐकणे, फाटकात सूर्य म्हणजे मधली जागा किंवा मधला वेळ. त्यांचे शब्द: शित्सुमोन (प्रश्न), शिम्बुन (वर्तमानपत्र), जिकान (वेळ). तीन आकार एका झटक्यात समजले, पण उच्चार तीन वेगळे, आणि ते त्या तीन शब्दांनीच दिले.

इथे कुणीतरी म्हणेल की घटकच उच्चारही सांगतात. सांगतात, पण एन-४ च्या पातळीवर त्यावर भिस्त ठेवू नका. "निळा" हा घटक असलेल्या स्वच्छ हवामान, शांत, निर्मळ या कांजींचा ओन्योमि सेइ आहे, पण भावना या अर्थाच्या कांजीत तोच घटक असून ती जोओ आहे. "देऊळ" जिकानमध्ये जि, तोकुबेत्सुमध्ये (विशेष) तोकु, आणि शोओताइमध्ये (निमंत्रण) ताइ. सात-आठशे कांजी झाल्यावर हे धागे आपोआप दिसायला लागतात आणि नवा शब्द अंदाजाने वाचता येतो. आत्ता त्यांचा उपयोग "अरेच्चा, हेही सेइच की" एवढाच.

अर्थाचं काय? सुटा अर्थ हा खुंटीसारखा आहे, पहिल्या दिवशी काहीतरी टांगायला हवं म्हणून. पुढे तो फसवतो. हाताची कांजी कित्तेमध्ये (टपाल तिकीट) आहे, हेतामध्येही (एखादी गोष्ट न जमणारा) आहे, आणि तिथे हात शोधत बसलात तर वेळ जाईल. लवकर आणि वेगवान या दोन्हींना जपानीत हायाइ म्हणतात, कांजी मात्र वेगळ्या. इंग्रजी अर्थशब्द लावलेल्या तयार याद्या वापरत असाल तर शक्य तिथे अर्थ मराठीत लिहा. जपानी अक्षर ते मराठी अर्थ या वाटेवर मधे तिसऱ्या भाषेचं नाकं कशाला?

हे सगळं ज्याच्या-त्याच्या परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य करायला हवं. जपानमध्ये काही वर्षं राहून बोलता येतं पण वाचता येत नाही, अशा माणसाने कांजी सुट्या, ढिगाने शिकाव्या. त्याच्या डोक्यात शब्द तयार आहेत, प्रत्येक नव्या कांजीला लगेच दहा शब्द चिकटतात. जपानी मुलांचंही तेच असतं. पहिलीत ऐंशी कांजी शिकतात तेव्हा ती मुलं घरी अस्खलित बोलत असतात. म्हणूनच जपानी शाळेचा क्रम आपल्याला चालत नाही: तिथे किडा, शिंपला, धागा पहिलीत येतात, स्टेशन तिसरीत आणि "मी" या अर्थाची वाताशिची कांजी चक्क सहावीत. तुम्हाला स्टेशन आधी लागणार.

दुसरी परिस्थिती म्हणजे पुण्यात किंवा चाकणला बसून जपानी कंपनीची कागदपत्रं वाचणारे अभियंते आणि अनुवादक. त्यांनी परीक्षेची यादी बाजूला ठेवून कामाच्या शब्दांतून कांजी काढाव्यात. हिन्शित्सु (गुणवत्ता), बुहिन (सुटा भाग), सेइहिन (तयार माल) या तिन्हींत एकच "वस्तू" कांजी आहे आणि तिन्हींत तिचा उच्चार हिन. केन्सा (तपासणी), फुर्योओ (सदोष), झुमेन (आराखडा) हे शब्द एन-४ ला विचारत नसले तरी रोज समोर येतात, आणि रोज समोर येणारं विसरत नाही.

तिसरी पद्धत, आधी दोन हजार कांजी फक्त आकार आणि अर्थशब्दाने, उच्चाराशिवाय. नेहमीच्या वापराच्या अधिकृत यादीत २०१० पासून २१३६ कांजी आहेत. दिवसाला वीस केल्या तरी साडेतीन महिने लागतात आणि त्या काळात एक शब्द वाचता येत नाही. हाताशी मोकळं वर्ष असेल तर विचार करा. डिसेंबरची परीक्षा डोक्यावर असताना नको.

आता तुमचं गणित. २०१० मध्ये परीक्षेचं स्वरूप बदललं तेव्हापासून कांजींची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही, पण एन-५ ला सुमारे शंभर आणि एन-४ पर्यंत एकूण तीनशे हा शिकवणाऱ्यांचा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे साधारण दोनशे नव्या. वीस आठवडे धरले तर आठवड्याला दहा, दिवसाला दोन, पाच दिवस. सहाव्या दिवशी फक्त उजळणी आणि सातव्या दिवशी काहीही नाही.

एका कांजीला पंधरा मिनिटं द्या. आधी तिचे घटक मराठीत म्हणा. मग लहान मुलांच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत बघून तीनदा लिहा, झाकून दोनदा, आणि दुसऱ्या दिवशी न बघता एकदा. पानभर पन्नास वेळा लिहू नका; दहाव्या वेळेनंतर हात चालतो आणि डोकं झोपतं. रेघांचा क्रम पाळा: वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि चौकटीत काही असेल तर चौकट सगळ्यात शेवटी बंद. तोंडाची चौकोनी कांजी तीन रेघांत होते, वरची आणि उजवी बाजू ही एकच वळलेली रेघ. आपण ती एका दमात गोल फिरवून काढतो, आणि मग फोनवर बोटाने अक्षर काढून शोधताना ते ओळखलं जात नाही. परीक्षेत हाताने लिहायचं नसतं हे खरं, तरी पहिल्या तीनशे कांजी लिहाव्याच, पुढच्यांचं पुढे बघू.

नंतर शब्द निवडा, दोन किंवा तीन. एक सुटा वापरता येणारा देशी उच्चाराचा, आणि एक जोडशब्द ज्यातली दुसरी कांजी तुम्हाला आधीच येते. "उघडणे"ची कांजी घ्या, तीही फाटकाच्याच कुटुंबातली: आकेरु, आकु आणि काइतेन (दुकान उघडणं), कारण तेन म्हणजे दुकान हे एन-५ लाच झालं आहे. आकेरु आणि आकु दोन्ही हवेत. मराठीत "मी दार उघडलं" आणि "दार उघडलं" दोन्हींना क्रियापद एकच, म्हणून आपण जपानीत हमखास चुकतो. कार्डावर नुसतं क्रियापद न लिहिता "दोआ ओ आकेरु" आणि "दोआ गा आकु" असं प्रत्ययासकट लिहा.

कार्ड अँकीत (कार्डांची उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये) करा नाहीतर कागदावर. पुढच्या बाजूला कांजीत लिहिलेला शब्द, छोट्या वाक्प्रयोगात. मागे हिरागानात उच्चार, मराठीत अर्थ, आणि त्याच कांजीचा आधी येत असलेला एखादा शब्द. पुढे सुटी कांजी आणि मागे सगळे उच्चार असं कार्ड कधीच करू नका. सातपैकी पाच आठवले तर ते बरोबर धरायचं की चूक, हेच ठरत नाही, आणि ते कार्ड महिनोन्महिने छळतं. उच्चार एका दीर्घ स्वराने चुकला तरी कार्ड चूक धरा. आठवड्याला दहा कांजी आणि पंचवीस-तीस शब्द, त्यात बरेच एन-५ चे हिरागानात येत असलेले. कार्डांची उजळणी रोज वीस-पंचवीस मिनिटांत होते.

देवनागरीत उच्चार का लिहायचे नाहीत, ते आता. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घ म्हणतो आणि लिहितोही. आपल्या कानाला तिथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद ऐकायची सवयच नाही. जपानीत ओजिसान म्हणजे काका आणि ओजीसान म्हणजे आजोबा. एकदा वहीत चुकीची वेलांटी पडली की परीक्षेच्या पर्यायांत तीच बरोबर वाटते. आणखी एक सवय मोडा, कांजीच्या डोक्यावर छापलेला हिरागाना. डोळा सोपी वाट धरतो आणि कांजी बघतच नाही. तो पट्टीने झाका, अडलं तरच उघडा.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशी घेऊ नका, दोन्ही कच्च्या राहतात. मात्सु आज, मोत्सु दोन आठवड्यांनी, आणि दोन्ही स्वतंत्रपणे जमल्या की एका पानावर शेजारी ठेवून फरकावर गोल करा.

आणि त्या ऐंशी कांजींचं, ज्या ओळखता येतात पण वाचता येत नाहीत. त्या परत पहिल्यापासून शिकायच्या नाहीत. पहिले दोन आठवडे नवी एकही कांजी न घेता रोज आठ काढा. प्रत्येकीखाली तुम्हाला आधीच येणारे दोन शब्द लिहा, तुमच्या एन-५ च्या पुस्तकात ते आहेतच, फक्त हिरागानात पाठ झालेले. दहा दिवसांत ऐंशी संपतील. ज्या कांजीखाली एकही ओळखीचा शब्द सापडणार नाही ती यादीतून काढून बाजूला ठेवा, शब्द भेटेल त्या दिवशी तिला परत बोलवा.